मल्लूची सगळी मरणं

मल्लू गेला ही बातमी घेऊन मी मेहकरला पोचलो, तेव्हा शेवंताक्का ओट्यावर तूर पाखडत बसली होती. सकाळचे दहा वाजले असतील. मोटरसायकल लिंबाखाली लावली आणि अंगणातच थांबलो. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुठं शिवला रे कावळा?"

मी म्हणालो, "अक्का, मल्लू गेला. मुंबईहून फोन आलता. रात्री झोपेतच..." तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. भिंतीला डोकं टेकून, धाकट्या भावाची एकेक आठवण काढत, चांगली दहा मिनिटं रडली. शेजारच्या दोघी बाया धावत आल्या आणि माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसल्या. त्यांना वाटलं, नेहमीचंच आहे. मग अक्कानं रांजणातलं पाणी घेऊन तोंड धुतलं, कमरेच्या पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लाव आता त्येला." मी म्हणालो, "न्हाई अक्का. आता खरं हाय." ती म्हणाली, "तवाबी तू असंच म्हनलास."

हे 'तवा' म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीचं. आमच्या भागात डोक्याला कावळा शिवून गेला की ते मरणाचं बोलावणं समजतात. त्यावर उतारा एकच. त्या माणसाच्या जिवाभावाच्या कुणाला तरी तो मेल्याची खोटी बातमी धाडायची. ऐकणारा ते खरं मानून पोटातून रडला पाहिजे. तो रडला की मरण येऊन गेलं असं धरायचं, आणि माणूस वाचला. शिकलेली माणसं याला हसतात. मीही हसायचो. मल्लू तेव्हा दहा वर्षांचा, मी तेरा. खळ्यावर दाणे वेचताना त्याच्या डोक्याला कावळा पंजा मारून गेला, तशी त्याच्या आईनं माझं मनगट धरलं. "दिगू, मेहकरला पळ. शेवंताला सांग मल्लू मेला म्हनून. दारातूनच सांगायचं, पानी प्यायचं न्हाई, अन् हसलास तर बग."

आमची वाडी आणि मेहकर यांच्यात एक ओढा आणि दोन कोस. अक्का तिथं नवी नांदायला गेलेली. मी दारातून बातमी सांगितली. तिनं विचारलं, "खरं?" मी म्हणालो, "खरं हाय अक्का." हाताला पीठ तसंच, डोईवर पदर नाही, अशी ती दोन कोस रडत पळाली. मी मागं. तिचं ते रडणं ऐकून वाटेत मलाही वाटायला लागलं की मल्लू मेलाच असणार. वेशीजवळ पोचलो तर हा पठ्ठ्या दगडावर बसून चिंचेचा गोळा चोखत होता. अक्का थबकली. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "हाय की अक्का." तिनं त्याला दोन लगावल्या, मला दोन लगावल्या, मग हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "जा, जेव जा." मल्लूचं हे पहिलं मरण. त्याची बातमी मी नेली होती, आणि शेवटचीही मलाच न्यावी लागली.

एक्याण्णवच्या पुढं आमच्याकडं दोन गोष्टी बरोबरच आल्या, टीव्हीची डिश आणि बाहेर पडायची घाई. मी माळवदावर डिश बसवली आणि बाभळींवरून, लायटीच्या खांबांवरून वायर ओढत मेहकरपर्यंत नेली. तेव्हापासून मी केबलवाला दिगंबर. मल्लू सेंट्रिंगच्या टोळीबरोबर मुंबईला गेला. कुठल्याशा स्टुडिओत भिंत बांधायला म्हणून गेला आणि तिथंच राहिला. त्याला नट व्हायचं होतं असं काही नाही. त्यांना गर्दीत उभं राहायला माणसं लागायची, हा उभा राहायचा. एकदा एक वाक्य मिळालं. पण आपली हिंदी कशी, 'नक्को' आणि 'हौ' वाली. त्यानं तोंड उघडलं आणि सगळे पोट धरून हसले. तिथला साहेब म्हणाला, तू बोलू नको बाबा, तू मर. गुन्ह्यांच्या तपासाची मालिका नुकतीच सुरू झाली होती, दर शुक्रवारी संध्याकाळी लागायची, आणि तिला दर आठवड्याला एक प्रेत लागायचं. मल्लूनं लहानपणी विहिरीत बुड्या मारून छाती कमावलेली. श्वास असा धरायचा की पापणीसुद्धा हलायची नाही. झालं, माणूस कामाला लागला.

त्याचं टीव्हीतलं पहिलं मरण माझ्याच घरी पाहिलं. मी मोठ्या तोऱ्यात अख्खी वाडी गोळा केली होती, अक्काला मेहकरहून गाडीवर आणलं होतं. इन्स्पेक्टरनं पांढरी चादर वर केली आणि खाली आमचा मल्लू, ओठ निळे, केस ओले. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. आणि त्या गलक्यात मागून हंबरडा आला... अक्का. आम्ही तिला समजवायला लागलो, अगं नाटक आहे. ती उसळून म्हणाली, "मला कळतंय की. येडी हाय का मी? पर मेल्याची बातमी आली न्हवं? मग कुणी रडाय नगो?" रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि मला फोनच्या बूथवर घेऊन गेली. स्टुडिओच्या फाटकावरचा नंबर, तिथला वॉचमन, मग बऱ्याच वेळानं मल्लू. पलीकडून आवाज आला, "हाय की अक्का." ही म्हणाली, "मग जेव जा," आणि फोन ठेवला. एवढंच बोलणं. पुढं दोघांकडं मोबाइल आले तरी त्यात एक शब्द वाढला नाही.

तेव्हापासून मल्लू मरत गेला आणि आमची छाती फुगत गेली. आपल्या माणसाचं कौतुक करायला माणसाला काहीही पुरतं. बसवकल्याणच्या बसस्टँडजवळ सलीमभाईचं सलून आहे, तिथं मल्लूच्या चाहत्यांचा अड्डा जमायचा. कुठलं मरण सरस यावर वाद. कुणी म्हणायचं गाडीच्या डिकीतलं, तर कुणी उसाच्या फडातलं, कारण तिथं डोळे उघडे ठेवायचे होते आणि बुबुळावर माशी बसली तरी गडी हलला नाही. मालिकेच्या एका भागात एकसारख्या चेहऱ्याचे दोन भाऊ होते, त्यामुळं मल्लू एकाच संध्याकाळी दोनदा मेला. सलीमभाईनं दर मरणाला आरशाच्या कडेला एक लाल टिकली चिकटवायची रीत पाडली. हळूहळू आरशाभोवती टिकल्यांची रांगच रांग झाली, आणि दाढी करायला बसलेल्याला आपलं तोंड त्या चौकटीत दिसायचं. एकदा मी म्हणालो, भाई, हे बरं दिसत नाही. तो म्हणाला, "क्यों मियाँ, जिंदा है ना वो?"

इकडं मेहकरात दर मरणाला अक्का रडायची. आधी लोक हसले, मग बाया तिच्या सोबतीला बसायला लागल्या, आणि वर्षा-दोन वर्षांत तोही शुक्रवारचा एक कार्यक्रमच झाला. इन्स्पेक्टरनं चादर उचलली की आत रडणं, बाहेर ओट्यावर गड्यांच्या टोप्या खाली, मग तोंड धुणं, मग फोन. "हाय की अक्का." "मग जेव जा." नंतर चहा.

मल्लू जत्रेला यायचा तेव्हा मात्र गंमत थोडी कमी व्हायची. पोरं त्याला चिमटे काढून पाहायची, तो हसत काढू द्यायचा. पण म्हातारी माणसं त्याच्याशी बोलताना नजर त्याच्या छातीवर ठेवायची, वरखाली होते का ते बघत. गावातली कुत्री त्याच्यावर भुंकायची नाहीत, उठून बाजूला व्हायची. मला हे मनाचे खेळ वाटायचे, आणि तरी मी ते पाहायचो. एकदा माझ्याकडं जेवताना मी त्याला विचारलं, पडून असतोस तेव्हा काय चालतं रे मनात? तो बराच वेळ भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "दिगू, मेल्यावर लई ऐकू येतंय. धा हातावर कुनी पाय घासला तर कानात वाजतंय. अन् परवा काय झालं, सायेब म्हनला उठ. मला ऐकू आलं. मी उठायलोय, पर हातच उठंना. माझा न्हवंच जनू... मग अक्काचा फोन वाजला खिशात, तवा उठलो." आणि हसला. मीही हसलो.

मग त्याला बढती मिळाली. बारा-तेरा वर्षं मेल्यावर साहेबांनी त्याला तपास पथकात हवालदार केलं. आता तो दर शुक्रवारी जिवंत दिसायचा, चादर दुसऱ्याच्या अंगावरून उचलायचा, आणि भागात दोन वाक्यं बोलायचा, ती अख्खा तालुका सोमवारपर्यंत बोलायचा. आम्ही बसस्टँडवर फलक लावला. पोरं सलीमभाईकडं हवालदार कट मागायला लागली. शेजारच्या गावचे लोक आम्हाला 'मुडद्याच्या गावचे' म्हणून चिडवायचे, त्यांची तोंडं बंद झाली. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. आनंद झाला नाही तो एकट्या अक्काला. "आता रडायचं कवा?" ती म्हणाली. मी वैतागून म्हणालो, "कामून रडायचं? जित्ता हाय की." ती म्हणाली, "व्हय. म्हनून तर." तिच्याशी कोण वाद घालणार? मी उठून आलो.

तीन वर्षं अशी गेली. या वर्षी एक दिवस त्याचा फोन आला. आवाज खुशीत होता. "दिगू, मालिका नवी करायलेत. जुनी मानसं काढायलेत. येत्या शुक्रवारी मरायलोय बग. गोळी लागती, चांगली पाच मिन्टं दिलीत मला. अक्काला सांगून ठिव. लई दिस झाले." मी हो म्हणालो.

आणि सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे लिहायलाच मी बसलो आहे. मला राग आला होता. एवढ्या कष्टानं मुडद्याचा हवालदार झालेला आमचा माणूस पुन्हा मुडदा झालेला मला बघायचा नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला बघू द्यायचा नव्हता. पुन्हा ते चिडवणं, पुन्हा ते रडणं आणि तोंड धुणं... मला त्याची लाज वाटायला लागली होती. हो, लाजच. त्या शुक्रवारी मालिका लागायच्या वेळी मी मेहकरला गेलो, अक्काच्या घराच्या वळणावर जो खांब आहे तिथला डबा उघडला आणि वायर काढून ठेवली. पाऊण तास मी खांबाशी उभा होतो. घराघरातून ओरडा झाला, मी म्हणालो बिघाड आहे. अक्कानं ओट्यावरून विचारलं, "आज काय झालं रे त्येचं?" मी म्हणालो, "काई न्हाई अक्का, नेहमीचंच. चोर धरला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मल्लूचा फोन. "दिगू, अक्काचा फोन न्हाई आला." मग त्यानंच विचारलं, "बगितलं न्हाई का तिनं? रडली का?" माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "रडली की. लई रडली." "मग फोन कामून न्हाई केला?" मी म्हणालो, "बॅलन्स न्हवता." तो म्हणाला, "मग बरं. रडली न्हवं, मग बरं." इतक्या वर्षांत मला कधी कळलं नव्हतं की तोही तो उतारा मानत होता. मी अक्काला अजूनही सांगू शकलो असतो. दोन कोस तर होते. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो.

पंधरा-वीस दिवसांनी तो गेला. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, ते खरंच असणार. त्याच्या खोलीवर राहणारा सोबती म्हणाला, सकाळी उठलो तर तो उताणा पडला होता, हात अंगासरशी, अगदी सारखा. मला वाटलं सराव करतोय. तसा करायचा तो कधी कधी. मी चहा केला, त्याचा कप झाकून ठेवला, अंघोळ करून आलो, तरी तसाच...

त्याला घेऊन गाडी वाडीत आली तेव्हा बसवकल्याणपासूनची माणसं जमली होती. रडत कुणीच नव्हतं. तीन-चारशे माणसं त्याच्या छातीकडं बघत उभी होती, आणि मीही बघत होतो. सलीमभाई माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "अभी उठेगा, देख." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसायच्या तयारीत होता. वाऱ्यानं असेल, चादर एकदा हलली. पुढची रांग झटकन मागं सरली. अक्का उशाशी बसून होती, कोरड्या डोळ्यांनी. कुणीतरी म्हणालं, अगं रड, मोकळी हो. ती म्हणाली, "हे रडणं कामाचं न्हाई." आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. आमच्याकडं कावळा शिवेपर्यंत थांबायचं असतं, कधी दुपार होते, मेलेल्याच्या राहिलेल्या इच्छा आठवून आठवून सांगाव्या लागतात. मी मनात शब्द जुळवत होतो, काय सांगायचं ते. पण पान खाली ठेवून आम्ही मागं वळतो न वळतो तोच कावळा येऊन बसलासुद्धा. एकच. घाई न करता जेवला. माणसं म्हणाली, बरं झालं, पोराचं काही राहिलं नव्हतं. मला मात्र वाटलं, याला बोलवायची गरजच नव्हती, हा वाट पाहत होता.

त्याचं सामान म्हणजे एक बॅग होती. ती माझ्याकडं आली, कारण त्याला मुंबईहून आणायला मीच गेलो होतो. दोन शर्ट, हवालदाराची टोपी, मोबाइल. मोबाइल मी चार्ज करून खिशात ठेवत होतो. मुंबईत बातमी न कळलेली माणसं फोन करायची, त्यांना सांगावं लागायचं. दरम्यान मालिकेचे जुने भाग दुपारी परत दाखवायला सुरुवात झाली. मी रोज पाहत होतो. हवालदार मल्लू रोज चादर उचलत होता आणि शेवटचा भाग जवळ येत होता.

गेल्या आठवड्यात तो भाग आला. मी जेवण तसंच टाकून मेहकरला गेलो. हल्ली घरोघर डिशच्या ताटल्या लागल्या आहेत, पण अक्काकडं अजून माझीच वायर आहे. टीव्ही लावून ती खाली बसली होती. मी दारातच उभा राहून म्हणालो, "अक्का, त्या शुक्रवारी बिघाड न्हवता. मल्लूनं निरोप दिलता तुला सांग म्हनून. मी सांगितलं न्हाई. वायर मीच..." ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "म्हाईत हाय. खांबापाशी उभा व्हतास. बस."

मी बसलो. मल्लूला गोळी लागली. साहेबानं खरंच पाच मिनिटं दिली होती त्याला. तो गुडघ्यावर आला, भिंत धरायला गेला, हात घसरला. इन्स्पेक्टरनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आणि अक्का रडली. दहाव्याला रडली नाही, पेटवताना रडली नाही, ती आता दोन कोस पळत आल्यासारखी रडली, पोटातून, धाप लागेपर्यंत. मीही रडलो, पहिल्यांदाच. मग ती उठली, रांजणाशी गेली, तोंड धुतलं, पदरानं पुसलं. कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि बटणं दाबली.

माझ्या खिशात मल्लूचा मोबाइल वाजला. बाहेर काढला तर त्यावर 'अक्का' लिहिलेलं. आम्ही चार हातांवर समोरासमोर बसलो होतो. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, फोन कानाला लावून उंबऱ्याकडं बघत होती. वाजू दिला. थांबला. तिनं पुन्हा लावला. "उचल की," ती म्हणाली.

मी उचलला. म्हणालो, "हाय की अक्का."

माझं बोलून झालं आणि क्षणभरानं तेच शब्द तिच्या कानाशी धरलेल्या फोनमधून बारीक आवाजात बाहेर आले. तो आवाज माझा वाटला नाही. तिनं तो नीट ऐकून घेतला. मग म्हणाली, "मग जेव जा." फोन पिशवीत ठेवला, चुलीपुढं गेली, आणि ताट वाढायला लागली.